परतीची खिडकी

"मग खिडकीत कोण बसणार?" अच्युतबुवांनी विचारलं.

"मी, बुवा," मुळे मास्तर म्हणाले. "माझी इच्छा म्हणून नव्हे. रीतच तशी आहे."

मठाची रीत जुनी होती. शिष्याने गुरूंच्या डाव्या हाताला बसायचं, उजव्या हाताला कोणी नाही. मागे एकदा शिष्या वत्सलाबाई चुकून उजवीकडे बसल्या, तेव्हा मास्तरांनी त्यांना भर पंगतीतून उठवलं होतं.

आता तिघं दार्जिलिंगच्या एका आश्रमात निघाले होते. दिल्लीहून बागडोग्र्याला विमानाने जाताना हिमालय डावीकडे दिसतो. मास्तरांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर खडूने काढला तेवढाच हिमालय पाहिलेला. म्हणून त्यांनी डावी खिडकी, तीही पंखाच्या पुढची, आधीच धरून ठेवली होती. खिडकीत मास्तर, शेजारी बुवा. मास्तर बुवांच्या डाव्या हाताला. रीतीला कुठे धक्का नाही.

बुवांच्या पलीकडची जागा वत्सलाबाईंची होती. ती पडली उजवी. मास्तरांनी त्यांना मागच्या रांगेत धाडलं.

"मास्तर," मागून वत्सलाबाई म्हणाल्या, "रीतीलाही डोंगर आवडतात वाटतं."

मास्तरांना ऐकू आलं नाही.

बागडोग्रा येईपर्यंत ते काचेला नाक लावून बसले. मास्तरांना ढग दिसले. बुवांना मास्तरांचं टक्कल.

दार्जिलिंगलाही धुकंच होतं. आश्रमातली मंडळी रोज सकाळी बोट करून म्हणायची, कांचनजंगा तिथे आहे. मास्तर रोज त्या बोटाकडे बघायचे.

परतीच्या दिवशी लख्ख ऊन पडलं. आता डोंगर उजवीकडे येणार होते.

विमानतळावर मास्तर बुवांच्या जवळ सरकले.

"बुवा, प्रवासात रीत जरा सैल असावी, असं मला वाटायला लागलंय."

"कधीपासून?"

"आज सकाळपासून."

"सकाळी काय झालं?"

"आभाळ निवळलं," वत्सलाबाई म्हणाल्या.

बुवांनी माकडटोपी कानांवर ओढली.

"सैल नको," ते म्हणाले. "बाईंना उठवलं तेव्हा चांगली घट्ट होती."

उजव्या खिडकीत बुवा बसले, त्यांच्या डावीकडे मास्तर. तिसरी जागा रिकामी होती, पण वत्सलाबाई आपण होऊन मागे बसल्या. विमान वर गेलं, पट्टे सोडायची सूचना झाली. बुवांच्या माकडटोपीने खिडकी पूर्ण भरली होती.

"बुवा... काय दिसतंय?"

"पांढरं आहे काहीतरी."

"शिखर कुठलं?"

"नाव लिहिलेलं नाही."

मास्तर मान उंच करून बघत राहिले. टोपीच्या कडेने उजेड तेवढा येत होता.

"माझे गुडघे गेलेत, बुवा," ते हळूच म्हणाले. "पुन्हा काही माझं इकडे येणं होत नाही..."

बुवांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग उठले.

"या इकडे."

दोघांनी जागा बदलल्या. मास्तर खिडकीत टेकले आणि तसेच ताठ राहिले.

"पण बुवा, आता मी तुमच्या उजव्या हाताला आलो."

मागे वत्सलाबाई खाकरल्या.

"मी उठतो," मास्तर म्हणाले. "त्यांना उठवलं होतं, मग मी कसा बसू?"

"बसा."

बुवांनी चपला काढल्या. सीटवर गुडघे टेकले, तिच्या पाठीला मिठी मारली आणि विमानाच्या शेपटीकडे तोंड करून बसले. माकडटोपी मागच्या रांगेवर उगवली. वत्सलाबाईंनी चिवड्याची पुडी पुढे केली. बुवांनी उजव्या हाताने चिवडा घेतला.

"आता?" खात खात त्यांनी विचारलं.

मास्तरांनी पाहिलं. बुवांचा डावा हात खिडकीच्या बाजूला होता.

"आता... डावीकडे आहे मी."

"मग बघा की."

बाहेर हिमालयाची रांग चालली होती. मास्तर अजून आपल्या हातांकडे बघून डावं-उजवं ताडत होते.

तेवढ्यात हवाई सुंदरी आली. "बाबाजी, असं बसता येणार नाही," ती हिंदीत म्हणाली. "सरळ बसा."

"बसलो असतो, बाई," बुवा म्हणाले. "पण मी सरळ बसलो की यांना डोंगर दिसत नाही."