गाणेवाल्याच्या दारातला फोटो

कॉम्प्युटर खोक्याएवढे असायचे तेव्हाची गोष्ट. डोईफोडेबाईंच्या कॉम्प्युटरमध्ये गाणेवाला नावाचा नवा प्रोग्राम आला. आल्या आल्या त्याने विचारलं, "सगळ्या फाइली मीच उघडू ना?" बाई न वाचताच 'होय' करून मोकळ्या झाल्या. दारी आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, हा गाणेवाल्याचा बाणा.

एके दिवशी बाईंच्या आईचा एकुलता एक फोटो त्याच्याकडे आला. गाणेवाल्याने तो उलटासुलटा करून पाहिला, पण सूर काही निघेना. पडदा काळाच राहिला.

"बिघडलाय वाटतं. टाकते काढून," बाई पुटपुटल्या.

फोटो घाबरला. "अहो शेठ, शेजारच्या चित्रवाल्याकडे पाठवा ना मला!"

"माझं गिऱ्हाईक त्याला देऊ? बाजारात काय तोंड दाखवू?"

"आणि मी कचऱ्यात गेलो, तर बाईंना काय तोंड दाखवाल?"

गाणेवाल्याने पडद्यावर लिहिलं, 'हे काम मला जमत नाही. दुसऱ्या कुणाला सांगा.'

बाईंनी प्रोग्रामच्या यादीतून चित्रवाला निवडला, 'फोटो नेहमी यानेच उघडावेत' यावर खूण केली, आणि पडद्यावर आई हसत उभी राहिली.

बाईंचे डोळे भरले. आईच्या आवडीचं भजन ऐकावंसं वाटलं, आणि त्यासाठी त्या थेट गाणेवाल्याकडेच आल्या.