घोड्याचा डबा

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात गुणाबाई नावाची कासारीण राहायची. वरच्या धनगरवाड्यातल्या प्रत्येक नवरीचा हिरवा चुडा तिनेच भरायचा, अशी रीत होती. वाड्यावर जायला रस्ता नव्हता, चढ मात्र भरपूर होता. गिऱ्हाइकांना ती नेहमी बजावायची, "खोकं बघून बांगडी घेऊ नये, वाजवून घ्यावी. भेगाळलेली असली की बद्द वाजते."

एका वर्षी तिचे गुडघे धरले. डॉक्टरीणबाईंनी साध्या पाकिटातल्या गोळ्या लिहून दिल्या. "या रोज घ्या. पण खरा भरवसा व्यायामावर. बसल्या बसल्या पाय सरळ उचला, रोज थोडं चाला."

गुणाबाईने नाक मुरडलं. स्वस्तातल्या गोळीने कुठे गुडघे सुटतात? तिने बाजारातून उधळत्या घोड्याचं चित्र असलेला महागडा डबा आणला. एवढा भारी डबा असताना व्यायामाची कटकट कशाला! शिवाय भारी वस्तू जपून वापरायची. म्हणून ठेवणीतल्या लुगड्यासारखा तो तिने देव्हाऱ्याशेजारी ठेवला आणि गोळी घेतली ती फक्त सणावाराला. घोडा डब्यावर उधळत राहिला आणि बाई ओट्यावर बसून राहिली.

मार्गशीर्षात वाड्यावरून ठकूआजी उतरून आली. तिच्या नातीचं, गिरजाचं लग्न माघात ठरलं होतं.

"कासारीणबाई, गिरजीच्या आईचा चुडा तुम्हीच भरला. हिचाबी तुम्हीच भरायचा. यायला जमंल न्हवं?"

गुणाबाईचा चेहरा पडला. तिने गुडघ्यांची रडकथा सांगितली, डबा दाखवला. ठकूआजीने पिशवीतून आपलं पाकीट काढलं. त्याच साध्या गोळ्या! गुणाबाईने चाळिशी लावून दोन्हींच्या मागचा मजकूर वाचला. औषध तेच, मापही तेच. फरक फक्त घोड्याचा.

"गोळीचा गुण किती आन् पाय हलवल्याचा किती, देवाला ठावं," ठकूआजी हसली. "म्या आपलं दोन्ही करती. पर बाई, खोकं बघून घेऊ नये, ह्ये तुम्हीच सांगता की."

हे गुणाबाईच्या जिव्हारी लागलं. तिने हट्टच धरला. डॉक्टरीणबाईंना विचारून डब्यातल्या गोळ्या रोज घेऊन संपवल्या, मग साधं पाकीट आणलं. सकाळी पाय उचलायची, संध्याकाळी चालायची. आधी ओढ्यापर्यंत, मग चढाच्या पहिल्या वळणापर्यंत. गुडघा ठणकला की त्यालाच दटावायची, "कुरकुर तू कर, चढणार मी!"

लग्नाच्या आदल्या दिवशी ती पहाटेच निघाली. वळणावळणावर टेकली, पण माघारी फिरली नाही. वर बायका गिरजाला म्हणत होत्या, "आता कुठली येती ती! दुकानातल्या घाल की." गिरजा मोकळ्या हातांनी उंबऱ्यात बसून राहिली होती.

उन्हं कलता कलता गुणाबाई पोचली. पाटावर बसणं जमेना, तशी ओट्यावर टेकली. तिने पहिली बांगडी वाजवून बघितली आणि गिरजाच्या हातात चढवली. दोघींचेही डोळे भरून आले.

तात्पर्य: वरचं चित्र नव्हे, मागचा मजकूर वाचून औषध घ्यावं, आणि ते कितीही भारी असलं तरी चढ आपल्याच पायांनी चढावा लागतो.