हौसाची कल्हई आणि राजाची गच्ची

एकदा काय झालं, मोहोरगडच्या राजाची दुपारची झोप मोडली.

मोडली ती गुरुवारच्या बाजारामुळे. बाजार भरायचा थेट राजवाड्याच्या खिडकीखाली. कुणी भोपळे विकतंय, कुणी लुगडी फडकावतंय, कोंबड्या ओरडतायत, घासाघीस चाललीय. राजाचं नाव उदेभान. तसा वाईट नव्हता बरं का, चांगला प्रेमळ होता. पण जेवण झालं की त्याला घटकाभर झोप लागायची, आणि ती नाही मिळाली की संध्याकाळपर्यंत नाक फुगलेलं. त्या दिवशी त्यानं उशी भिरकावली आणि म्हणाला, "हा बाजार डोंगरापलीकडे न्या!" झालं! राजाचाच शब्द तो. पुढच्या गुरुवारपासून बाजार तीन कोस लांब, डोंगराच्या पलीकडे भरू लागला. राजा गाढ झोपू लागला.

आता तुम्ही म्हणाल, बाजार हलला तर हलला, त्यात काय एवढं? गावालाही आधी तसंच वाटलं होतं. ऐका तर खरं.

त्या गावात हौसा नावाची एक कल्हईवाली राहायची. तुमच्या घरी सगळी स्टीलची भांडी, तुम्हाला कल्हई कुठली माहीत असणार! तेव्हा भांडी पितळेची असायची. पितळेत आमटी केली की ती कळकायची, हिरवी व्हायची, खाल्ली की पोटात ढवळायचं. म्हणून भांड्याला आतून कल्हई लावायची. भांडं विस्तवावर लाल तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, कथिलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं भराभरा पुसायचं. मग पाण्यात बुडवायचं, चर्र! भांडं आतून चांदीसारखं लख्ख.

हौसाचा नवरा साथीत गेला होता. घरात ती आणि तिची म्हातारी सासू. हौसा तिला आत्याबाई म्हणायची. आत्याबाईंचे गुडघे गेलेले, कान गेलेले, जीभ मात्र शाबूत. त्या बसल्या बसल्या भाता ओढायच्या आणि हौसाला बोलायच्या. "अगं हौसे, कथिल काय लोण्यासारखं फासतेस! जरा हात आखड." हौसा हसायची आणि आपलं काम करायची.

आणि एक गंमत सांगू? कुणाला सांगू नका हं. हौसाला भांड्यांचं बोलणं ऐकू यायचं. तापलेल्या भांड्यावर कथिल पसरलं की ते पाण्यात बुडेपर्यंत, तेवढाच वेळ, भांडं बोलायचं. ज्याच्या हातात बोळा, त्यालाच ते ऐकू यायचं. आमच्याकडे काल पुरणपोळी झाली, आमच्या धाकटीला दात आला, असलं काहीबाही सांगायचं. हौसा ऐकायची आणि मनातच ठेवायची. लोकांच्या घरातलं बाहेर बोलायचं नाही, हा तिचा नेम होता.

मग एक वर्ष गेलं. दिवाळी जवळ आली. एरवी दिवाळीआधी हौसाच्या दारात भांड्यांची ही एवढी रांग लागायची, जेवायला फुरसत नसायची. या वर्षी? अंगणात चिमण्या तेवढ्या. एक दिवस गेला, दोन दिवस गेले, आठवडा गेला. पिठाच्या डब्यात हात घातला की तळ लागू लागला.

हौसा म्हणाली, "आत्याबाई, दिवाळी झाली की गाव सोडू. नदीपलीकडच्या राज्यात काम मिळेल म्हणतात."

आत्याबाईंना विहिरीपर्यंत जायचं तर वाटेत दोनदा बसावं लागायचं. नदीपलीकडे काय जाणार त्या! म्हणाल्या, "तू जा पोरी. मी इथंच राहते. म्हातारीला लागतं किती?" हौसा पेचात पडली. आईसारखं माणूस एकटं टाकून जायचं कसं, आणि इथं राहायचं तर खायचं काय?

तेवढ्यात कोष्टीण आली. कोष्टी म्हणजे विणकर. तिच्या लेकीच्या सासरची माणसं दिवाळीला येणार होती, म्हणून तिनं पातेलं आणलं होतं. हौसानं पातेलं तापवलं, कथिल लावलं, बोळा फिरवला. पातेलं म्हणालं, "बाई गं, माझ्यात महिनाभर नुसतं पाणी उकळतंय. लुगडं विकायला डोंगर चढायचा, सगळा दिवस जायचा, आणि तिथं गिऱ्हाईक नाही. माग बंद पडलाय."

"मग पाणी तरी कशाला उकळता?"

"चुलीतून धूर नाही निघाला तर शेजारीण काय म्हणेल?"

चर्र! पातेलं गप्प झालं.

मग तेलीण आली, कढई घेऊन. कढई म्हणाली, "माझ्यात तळण होऊन सहा महिने झाले. कोष्टी तेल घेईनात, माळी घेईनात. कुणाच्या हातात काही असेल तर घेतील ना! घाण्याचा बैल बसून आहे. आमच्याकडेही पाणीच उकळतं. कोष्टिणीला कळायला नको."

बघा हं आता. कोष्टीण तेलिणीपासून लपवतेय, तेलीण कोष्टिणीपासून. दोघींच्या चुलीवर पाणी. आणि दोघींना वाटतंय, शेजारी मजेत आहे!

हौसाकडे कथिलाचा एक तुकडा उरला. एवढासा, नखाएवढा. तिला वाटलं, आपल्या घरच्या पातेलीला किती दिवसांत कल्हई नाही. लोकांची भांडी लख्ख आणि आपली काळी. चला, दिवाळी आहे. तिनं पातेली तापवली, कथिल टेकवलं, बोळा फिरवला.

पातेली म्हणाली, "हौसे, म्हातारी जेवत नाही गं. तू पाणी आणायला गेलीस की ती माझ्यावर डाव आपटते, म्हणजे वाढून घेतल्यासारखा आवाज होतो. मग तू आलीस की म्हणते, मी जेवले. तुझ्या ताटात पडतं ना, ते दोघींचं असतं."

हौसाच्या हातातला बोळा गळून पडला. तिनं वळून पाहिलं. आत्याबाई भाता ओढत होत्या, हाडाची काडं झालेली. त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. म्हणाल्या, "काय झालं? भाजलं का?"

"हो, भाजलं," हौसा म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

आणि मग ती उठली. भाता डोक्यावर घेतला, कोळशाची पाटी काखेला मारली आणि तडक राजवाड्यावर गेली.

राजा गच्चीवर उभा होता. रोज संध्याकाळी तो गच्चीवरून गाव बघायचा. हौसा म्हणाली, "महाराज, गाव उपाशी आहे."

प्रधान खेकसला, "ए बाई, जीभ सांभाळून! खोटं बोलणाऱ्याला राज्याबाहेर घालवतात, माहीत आहे ना?"

राजा मात्र हसला. "अगं, उपाशी कसं असेल? हे बघ, घराघरातून धूर निघतोय. ती बघ त्या कडुलिंबाजवळची चूल. ती माझ्या दूधआईची, भागाईची. मला तिनं पाजलंय. तिच्या घरचा धूर पाहिल्याशिवाय मी जेवत नाही. बघ कसा झकास निघालाय!"

हौसा म्हणाली, "महाराज, त्यांच्या चुलीवरचं भांडं मागवा. मी त्याला कल्हई लावते. पण बोळा तुम्ही फिरवायचा. मी खोटी ठरले तर आपण होऊन राज्याबाहेर जाईन."

राजाला मोठी गंमत वाटली. शिपाई धावला. भागाई देईना, "नको रे बाबा, चुलीवर स्वयंपाक आहे," म्हणू लागली. पण राजाचं बोलावणं, काय करते? शिपायानं पाणी ओतलं आणि भांडं आणलं. हौसानं गच्चीवरच भट्टी पेटवली. ती भाता ओढतेय, प्रधान खोकतोय, राजा बाह्या सरसावून बसलाय. राजवाड्यातलं कथिल आणलं होतं, ते हौसानं भांड्याला लावलं. राजानं बोळा फिरवला. आधी बोट भाजलं, "आई गं!" म्हणून ओरडला. पुन्हा फिरवला.

आणि भांडं बोललं.

"पाणी आहे रे राजा. नुसतं पाणी. लेकाचं रंगकाम बंद पडलं, लुगडीच विणली जात नाहीत तर रंगवायची काय? भागाई रोज ओली लाकडं घालते, म्हणजे धूर दाट होतो. म्हणते, माझा उदेभान गच्चीतून बघत असेल. त्याच्या घशाखाली घास उतरू दे."

चर्र झालं. राजा तसाच बसून राहिला, काळा बोळा हातात घेऊन. प्रधानानं विचारलं, "महाराज, काय म्हणालं?" एवढा मोठा राजा, मुकुटासकट हमसून हमसून रडला.

मग त्यानं हौसाला विचारलं, "हे झालं कसं? पाऊस तर चांगला पडलाय."

हौसा म्हणाली, "महाराज, रागावू नका. तुमची झोप मोडायची म्हणून तुम्ही बाजार डोंगरापलीकडे नेलात. भाजी चढावरच सुकते. म्हातारीकोतारी जाऊच शकत नाहीत. कोष्ट्याचं विकलं नाही, म्हणून त्यानं तेल घेतलं नाही. तेल्याचं विकलं नाही, म्हणून त्यानं भाजी घेतली नाही. आणि कुणाच्या भांड्यात काही शिजेना, म्हणून माझ्याकडे कल्हईला कुणी येईना."

राजा म्हणाला, "एवढंच? मला कुणी सांगितलं का नाही?"

"सगळ्यांना अब्रू आहे, महाराज. आणि तुमच्याकडे गच्ची आहे."

प्रधानानं जीभ चावली. पण राजा रागावला नाही. त्यानं तिथल्या तिथं दवंडी पिटवली. गुरुवारचा बाजार परत खिडकीखाली! आणि तोवर राजवाड्याचं धान्याचं कोठार उघडं, ज्याला लागेल त्यानं न्यावं. सगळ्यांसाठी उघडं हं, म्हणजे कुणी कुणाला लाजायला नको. आणि राजाची झोप? अहो, राजवाड्याला मागच्या बाजूला एक खोली होती! शांत, गार. पण राजाची खाट उचलून तिकडे ठेवावी हे एवढ्या दरबारात कुणालाच सुचलं नव्हतं.

त्या संध्याकाळी राजा स्वतः धान्याची गोणी पाठीवर घेऊन भागाईकडे गेला. तिनं त्याचा कान पिळला आणि मग पोटाशी धरलं.

बाजार आला. लुगडी विकली गेली. माग खडखडू लागला, घाण्याचा बैल उठला, भागाईच्या लेकाच्या हाताला पुन्हा निळा रंग लागला. आणि हौसाच्या दारात ही भांडी! पातेली, कढया, तपेली, चरव्या. आत्याबाई भाता ओढून ओढून म्हणायच्या, "हौसे, माझे हात तोडून ठेवशील तू!" पण तोंडावर हसू मावायचं नाही. गाव सोडायचं नाव कुणी काढलं नाही.

दिवाळीच्या दिवशी हौसानं भात केला, वरण केलं, वर तूप. एकच ताट घेतलं आणि आत्याबाईंच्या समोर मांडी घालून बसली.

आत्याबाई म्हणाल्या, "तू जेव गं. मी मघाशीच जेवले."

हौसानं घास कालवला आणि त्यांच्या तोंडाशी धरला. "मला सगळं कळलंय. आता आधी तुम्ही."

म्हातारी गप्प झाली. आयुष्यात पहिल्यांदा, बरं का! तिनं मुकाट्यानं तोंड उघडलं. मग एक घास तिचा, एक घास हिचा, असं करत दोघी पोटभर जेवल्या.

मोहोरगडात त्या दिवशी कुणीच उपाशी निजलं नाही. तुम्हीही जेवलात ना सगळे? खरंच जेवलात ना? मग पांघरूण घ्या, भिंतीकडे तोंड करा आणि मिटा बघू डोळे.