तेल लावलेली चकती

फार जुनी गोष्ट नाही. सायकलीचे भाग एकमेकांशी बोलत, तेव्हाची आहे.

मल्हारी डोंगरउतारावर सायकल पळवायचा. त्याने पुढच्या चाकाला नव्या डिस्क ब्रेकची चकती बसवली. मागे जुना रबरी ब्रेक तसाच राहिला. खंडेनवमीला त्याने सायकलची पूजा केली, चकतीला हळदकुंकू वाहिलं आणि चमक यावी म्हणून तिच्यावर प्रेमाने तेल चोळलं.

"अरे, तिला तेल नको!" मागचा ब्रेक कळवळला. "पोरगं उद्या उतारावर जाणार. तेलकट चकती चाक धरणार कशी?"

"जळतोय म्हातारा," घंटी खिदळली.

"आजोबा," चकती म्हणाली, "तुमची कधी कुणी पूजा केलीय का हो?"

"नाही बाई. मी चाक धरलं की लोक म्हणतात, किती करकरतोय."

दसऱ्याच्या सकाळी पहिल्याच वळणावर मल्हारीने दोन्ही ब्रेक दाबले. चकती नुसती गुळगुळीत फिरत राहिली. मागच्या ब्रेकने एकट्याने चाक आवळलं, रबर जळेपर्यंत आवळलं. सायकल कड्याशी थांबली. मल्हारी थांबला नाही.

बाकीचे सायकलवाले धावत आले. खूप रडले. मग सायकलभोवती जमले.

"चकती बघ, एक ओरखडा नाही. माल एक नंबर!"

"हो ना. या मागच्या ब्रेकनंच घात केला. पार झिजलाय."

मागच्या ब्रेकला ते ऐकूच आलं नाही. तो अजून चाक धरून होता.