येतोची वेस

मुकुंदभावजी घर सोडून गेले त्या दिवशी मी नवस बोलले होते. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. भांडण साधेच होते, जेवणाच्या वेळेवरून निघाले आणि कुठल्या कुठे गेले. उंबरा उतरताना ते "जातो" म्हणाले. आपल्याकडे घरातून निघणारा माणूस "येतो" म्हणतो. "जातो" हा शब्द दारात कोणी तोंडातून काढत नाही. घरातूनही रागाच्या भरात कोणी "या" म्हटले नाही. माझे हात पिठात होते, मीही म्हटले नाही. दुपारी मात्र राहवेना. या वेशीत आले, भिवराईच्या ओट्यावर डोके टेकवले आणि म्हटले, "बाई, माझ्या तोंडचा राहिलेला 'या' तू म्हण. भावजी परत येईपर्यंत मी रोज दुपारी एक पान जास्तीचे वाढीन. ते आले, की तुझी गोष्ट जो कोणी इथे येईल त्याला सांगत जाईन."

वर्ष आणि चार महिन्यांनी भावजी आले. तेव्हापासून सांगते आहे.

बेलसरे सर तुम्हाला सकाळपासून आमच्या शिरकोटात हिंडवत आहेत. हत्तीखान्यामागची अंधारकोठडी पाहिलीत, सात जावांची विहीर पाहिलीत, उलटा पिंपळ पाहिलात. सर चित्रकला शिकवायचे, निवृत्त झाल्यावर ही भुताखेतांची पदयात्रा सुरू केली. कोठडीत ते आवाज असा काही खाली आणतात, की मोठी माणसेही एकमेकांचे हात धरतात. शेवटचा मुक्काम ही मावळतीची वेस. इथे ते मला पुढे करतात आणि दरवेळी कुरकुरतात, "काकू, तुमच्यापाशी आली की माझी माणसं घाबरायची थांबतात. माझी सकाळची सगळी मेहनत पाण्यात!" मागच्या रविवारी एका मुलीने कमानीत इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "काकू, इथलं भूत कुठंय?" मी म्हटले, "उशीर केलात गं, जेवून गेलं."

हसा, हसा. आमचे भूत दुपारचेच आहे, आणि ते जेवायला आले होते.

वेशीच्या आतल्या अंगाला हा दगडी ओटा आहे, त्यावर पत्रावळ ठेवण्याइतकी जागा घासून गुळगुळीत झालेली दिसते. डाव्या हाताला बुरूज आहे. त्याच्या पायाशी दगडी मोरी आहे, तिच्यातून बारा महिने पाणी झिरपते. म्हणून त्या बुरुजाला पाझरबुरूज म्हणतात. आणि या दरवाज्याला म्हणतात येतोची वेस. ही तिन्ही एकाच गोष्टीतली आहेत.

फार पूर्वी, किल्लेदाराचा अंमल होता तेव्हा, कडेलोटाची शिक्षा झालेल्या माणसाला याच वेशीतून बाहेर नेत. कडा इथून हाकेच्या अंतरावर. त्या माणसाला नेताना वेशीजवळची घरे दारे लावून घेत, रस्त्यातले लोक भिंतीकडे तोंड करून उभे राहत. त्याच्याशी कोणी एक शब्द बोलत नसे. बोलले, की तो मेल्यावर पाठी लागतो, ज्याचा आवाज ऐकला त्याच्या घरी येतो, अशी समजूत होती. फक्त पाणी मागितले तर द्यायचे, तेही पाठमोरे राहून.

ते पाणी द्यायचे काम भिवराई गुरविणीकडे असे. ओट्यामागे तिची खोली होती. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. पळसाची पाने आणून ती पत्रावळी लावायची आणि देवळात, लग्नकार्यात पोचवायची. तिच्या हातची पत्रावळ आमटी गळू देत नसे, असे सांगतात.

भिवराईचे एक व्रत होते. दुष्काळाच्या साली तिने एका वाटसरूला "उद्या जेवायला या" म्हटले होते, आणि दुसऱ्या दिवशी घरात काही उरले नाही म्हणून दार उघडले नव्हते. तो माणूस तटाखाली मेलेला सापडला. तेव्हा तिने देवापुढे पाणी सोडून संकल्प केला, की ज्याला आपण "या" म्हणू, त्याच्या आधी आपण जेवायचे नाही. पुढे लोक तिला ओळखून असत. "भिवराई, या म्हणू नको हं, मला उशीर होईल, तू उपाशी राहशील," असे हसत सांगून जात.

त्या वर्षी हा डावा बुरूज दोनदा ढासळला. सटवाजी नावाचा पाथरवट तो बांधत होता. तो पहिल्यापासून सांगत होता, "सरकार, पायात पाणी आहे. दहा हात मागं घ्या, नाहीतर पाण्याला वाट द्या." पण बुरुजाची रेघ किल्लेदाराने स्वतः आखली होती. दुसऱ्यांदा ढासळला तेव्हा खाली दोन माणसे गेली. किल्लेदाराने ठरवले, की हा शत्रूला फितूर आहे, मुद्दाम पोकळ बांधतो. कडेलोटाचा हुकूम झाला.

भाद्रपद चालू होता, गौरी नुकत्याच उठल्या होत्या. ऐन दुपारी सटवाजीला वेशीत आणले. पायांत बेड्या, अंगावर चुना तसाच. त्याने पाणी मागितले. भिवराई पाठमोरी राहिली नाही. तिने तांब्या दिला, वर गुळाचा खडा दिला. म्हणे, तिच्या मनात एवढेच आले, की याने सकाळपासून काही खाल्लेले नाही. तो पाणी प्यायला. पाथरवटांच्या रीतीप्रमाणे त्याने तांब्या पालथा ठेवला, हात जोडले, आणि जन्मभराच्या सवयीने त्याच्या तोंडून निघाले, "येतो, आई."

आणि जन्मभराच्या सवयीने तिच्या तोंडून निघाले, "या. जेवायलाच या."

शिपाई खो खो हसले. एक म्हणाला, "म्हातारे, आता कुठला येतो हा!" मग त्यांच्या लक्षात आले, की काय घडले आहे, आणि त्यांचे हसू आटले. ते त्याला घाईघाईने घेऊन गेले. थोड्या वेळाने कड्यावरून ते एकटेच परत आले.

भिवराईने चूल पेटवली, भात केला, अळूची भाजी केली. ओट्यावर पत्रावळ मांडली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि शेजारी बसून राहिली.

संध्याकाळपर्यंत गावभर झाले. शेजारची ठकूबाई आपल्या दारातूनच ओरडली, "अगं, मेलेल्याला जेवायला बोलावतेस? आम्हाला लेकरंबाळं आहेत!"

भिवराई म्हणाली, "मी कुठं मेलेल्याला बोलावलं? बोलावलं तेव्हा जिवंत होता."

दुसऱ्या दिवशी तिने शिळे अन्न गाईला घातले आणि ताजे वाढले. स्वतः पाण्यावर राहिली. उपाध्ये समजूत घालायला आले. चांगला माणूस होता म्हणे. ते म्हणाले, "भिवराई, सवयीनं गेलेल्या शब्दाला व्रत लागत नाही. तीळ दान कर आणि दोन घास खा. दोष मी माझ्या माथ्यावर घेतो."

"उपाध्येबाबा, तो येतो म्हणाला तेही सवयीनंच की. पण मला म्हणाला. एवढ्या गावात त्या माणसाचं तोंड बघून बोलणारी मीच होते. आता मीच उठून जेवले, तर तो कुणाकडं येईल?"

उपाध्येंनी पातेल्यातल्या भाताकडे पाहिले. मग म्हणाले, "भात जरा आसट कर. दोन दिवसांचा उपाशी येईल तो." आणि निघून गेले.

तिसऱ्या दिवशी तिला बसवेना, ती भिंतीला टेकली. गावात कुजबुज सुरू झाली, की गुरवीण किल्लेदाराच्या दारात धरणे धरून बसली आहे. त्या काळी एखादी व्रतस्थ बाई राज्यकर्त्याच्या दारात उपाशी मेली, तर त्याचे पाप त्याला सात पिढ्या लागते असे मानत. किल्लेदार घाबरला आणि चौथ्या दिवशी दुपारी स्वतः वेशीत आला.

"बाई, मागणं काय आहे तुझं?"

"मागणं काही नाही, सरकार. पाहुणा यायचाय."

"तो फितूर होता."

"असेल. मी त्याला पाणी दिलं तेव्हा तो तहानेला होता. तुम्ही जरा बाजूला उभे राहता का? वाटेत आहात."

किल्लेदाराला आयुष्यात कोणी असे सांगितले नव्हते. तो बाजूला झाला.

पुढे जे झाले ते वेशीतल्या सगळ्यांनी पाहिले असे सांगतात. आठ दिवस पाऊस नव्हता, फरसबंदी तापलेली होती. त्या कोरड्या दगडांवर ओली पावले उमटू लागली. एक, मग दुसरे. चुन्याने पांढरी, पाण्याने ओली. माणूस दिसत नव्हता. पावले कड्याकडून येतील असे सगळ्यांना वाटले होते. ती आली बुरुजाच्या पायथ्याकडून. ठकूबाईने दार लावून घेतले. शिपाई भिंतीला चिकटले. भिवराई तेवढी हात टेकून उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "या. हातपाय धुवा. किती उशीर!"

ती वाढत गेली आणि पत्रावळीवरचा भात कमी होत गेला. तिने दोनदा आग्रह केला, तिसऱ्यांदा भाजी वाढली. मग पाण्याचा तांब्या आपोआप उचलला गेला, रिकामा झाला आणि ओट्यावर पालथा पडला.

तेव्हा आवाज आला. तो किल्लेदारानेही ऐकला. आवाज म्हणाला, "जातो, आई."

जिवंत माणूस दारात कधी म्हणत नाही तो शब्द त्याने म्हटला. त्याला उत्तर काय द्यायचे? "या" म्हटले असते, तर तो पुन्हा आला असता. रोज आला असता. जिला कधी कोणी आई म्हटले नव्हते, तिच्या ओट्यावर रोज दुपारी एक पान बसले असते. पण तो जन्मोजन्म या वेशीत अडकला असता. लोक सांगतात, की उपासाच्या चार दिवसांत भिवराई रडली नव्हती, ती तेव्हा रडली. मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "जा, बाळा. सावकाश जा."

पावले पुन्हा उमटली नाहीत. तिने पातेल्यात राहिलेला भात पुढ्यात घेतला आणि पहिला घास तोंडात घातला.

किल्लेदार ओल्या पावलांच्या मागावर बुरुजापाशी गेला होता. पहिले पाऊल जिथे उमटले होते तिथे त्याने त्याच दुपारी खणायला लावले. कमरेइतके खणले, तोच गार पाण्याची धार फुटली. सटवाजी म्हणत होता तसेच होते. सटवाजीच्याच माणसांकडून मोरी बांधून घेऊन त्या पाण्याला वाट दिली, आणि मग बुरूज उभा राहिला तो राहिलाच. किल्लेदाराने भर वेशीत पागोटे उतरवून ठेवले, सटवाजी फितूर नव्हता असे दवंडी पिटून सांगितले, आणि कडेलोटाची शिक्षा कायमची बंद केली. या वेशीतून त्यानंतर कोणालाही मरणाकडे नेले नाही.

मी बाई माणूस, पोथीपुराणातल्या सत्त्वशील बायकांच्या कथा खूप वाचल्या. पण त्यांच्या दारात निदान देव उभा असायचा. भिवराईपुढे नुसता एक शिक्षा झालेला पाथरवट होता, आणि तिच्याकडे एक चुकून निघालेला शब्द होता. तो तिने निभावला. सरांना मी नेहमी म्हणते, तुमच्या कोठडीत, विहिरीत माणसांनी माणसांचे काय केले ते दिसते. तेही दाखवायलाच हवे. पण शेवटी लोकांना इथे आणत जा.

आजही भाद्रपदात गौरी उठल्या, की वेशीतली घरे पाळीपाळीने या ओट्यावर चार दिवस पान वाढतात, आसट भात आणि अळूची भाजी. आजही या वेशीतून बाहेर पडणारा माणूस, मग तो दूधवाला असो, शाळेची पोरे असोत की मोटारीतले पाहुणे, "येतो" म्हणतो. आणि आतून कोणी ना कोणी, हातातले काम टाकून, "या" म्हणतेच. उत्तर आले नाही असे अजून एकदाही झालेले नाही, म्हणतात. माझे हात पिठात असले, तर मी खिडकीतून ओरडते.

एक मागणे आहे. तुम्हीही एवढे व्रत घ्या. तुमच्या घरात, आळीत, नात्यात एखादे माणूस असेल, जे निघाले की सगळे भिंतीकडे तोंड करतात. त्याने काय केले ते मला ठाऊक नाही, तुम्हालाही कदाचित पुरते ठाऊक नसेल. त्याला दारापर्यंत जाऊन, तोंडाकडे बघून "या" म्हणा. आणि म्हटलेत, तर एक दिवस तरी त्याच्या नावाचे पान वाढून वाट पाहा. आधी जेवू नका.

चला, ऊन चढले. सर पुढे गेलेसुद्धा. वेस ओलांडताना लाजू नका, मोठ्याने म्हणा. मी इथेच उभी आहे.