दप्तरात नसलेला राजा

एका राज्यात कीर्तिध्वज नावाचा राजा होता, आणि त्याच्या दप्तरखान्यात धुंडिराजशास्त्री नावाचे लेखक होते. शास्त्रीबुवा व्याकरणात मुरलेले. त्यांनी दप्तराला एक रीत घालून दिली होती. राजाने तळे खोदवले की ठसठशीत अक्षरांत लिहायचे, ‘महाराजांनी तळे खोदवले.’ राजाने काही वाईट केले की लिहायचे, ‘केले गेले.’ कर्म जागेवर, क्रियापद जागेवर, कर्ता मात्र बेपत्ता. एवढी विद्या आणि तिचा हा उपयोग! मला त्या शास्त्रीबुवांचा अजून राग येतो.

एके वर्षी राजाला नव्या महालासाठी जागा हवी होती. त्याने साळुंक्यांचे वन पेटवले. त्याचा हत्ती आगीत पाऊल टाकीना, म्हणून हत्तीला मारवले. राणी मृणावती आडवी आली, म्हणून तिला राज्याबाहेर हाकलले. दप्तरात तीन ओळी पडल्या. वन जाळले गेले. हत्ती मारला गेला. राणीसाहेबांना निरोप दिला गेला.

वनातली एक साळुंकी तेवढी वाचली होती. ती मंत्र जाणत होती. दप्तरखान्याच्या खिडकीत बसून तिने त्या ओळी वाचल्या आणि शाप दिला, “दप्तराच्या या ओळींत जो नाही, तो कोणाला दिसणार नाही, कोणाला ऐकूही येणार नाही.”

राजा दिसेनासा झाला. कारभार काही अडला नाही, हुकमांवर शिक्के उमटत राहिले. हाल झाले ते राजकन्या पद्मरेखेचे. सात वर्षांची पोर, आई गेली आणि आता बापही. राजा तिचे केस विंचरायला जाई, तर हवेत हलणारी फणी पाहून ती किंचाळत पळे. तेव्हा राजाचा धीर सुटला. तो साळुंकीपुढे हात जोडून उभा राहिला. तिला एकटीला तो दिसत होता.

“उःशाप सांग.”

“तीन जणांपुढे जा. ज्याचे जे हिरावलेस, ते त्याच्यापुढे बोल. पहिली मीच.”

“तुझे वन जळले,” राजा म्हणाला.

“वने आपली आपण जळत नाहीत, राजा.”

मग राजा म्हणाला, “तुझे वन मी जाळले.”

त्याचा आवाज परत आला.

तो हत्तीखान्यात गेला. माहूत येसाजी रिकाम्या साखळीला तेल लावत बसला होता. नुसताच आवाज ऐकूनही तो उठला नाही.

“येसाजी, तुझा हत्ती मी मारवला. चूक त्याची नव्हती.”

“ठाऊक आहे, महाराज. पिल्लू होता तेव्हापासून माझ्या हातचं खात होता. त्या दिवशी तुमच्या भीतीनं साखळी मीच घातली त्याला.”

दोघेही रडले. राजाचे शरीर गळ्यापर्यंत दिसू लागले.

डोके नसलेला अंगरखा दारात पाहून पद्मरेखा भिंतीला टेकली. आवाज मात्र तिने ओळखला.

“आबासाहेब? आई मला सोडून का गेली?”

सगळे तिला हेच सांगत होते, आई गेली. पोरीने एक वर्ष आईवर राग धरला होता. राजाला वाटले, हिला काही सांगूच नये. डोके नसले तर नसले, निदान आवाजाने तरी ती जवळ येईल. मोह मोठा होता, पण त्याने तो आवरला.

“ती गेली नाही, बाळ. मी तिला हाकलले. शेवटचे तुला भेटू द्या म्हणून ती पाया पडत होती. मी भेटू दिले नाही.”

राजाचा चेहरा उजळून वर आला. शाप सरला. पद्मरेखेने तो चेहरा नीट पाहिला आणि ती म्हणाली, “तिला घेऊन या.”

राजाने आपल्या हाताने दप्तरातल्या ओळी दुरुस्त केल्या, शास्त्रीबुवांना घरी बसवले, आणि पायी जाऊन राणीची क्षमा मागितली. ती आली, पण मुलीसाठी आली, हे तिने वेशीवरच स्पष्ट सांगितले.

पद्मरेखा धावत सुटली ती वाटेत उभ्या असलेल्या बापाला मागे टाकून थेट आईच्या कुशीत. सारे नगर त्या मायलेकींकडे पाहत होते. राजा तिथेच उभा होता, भर उन्हात, सर्वांना दिसेल असा, आणि त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते.