बुचाचं तोरण

एका गावात द्राक्षं इतकी पिकत, की खाऊन संपत नसत आणि विकूनही उरत. म्हणून गावाबाहेरच्या टेकडीवर वाइनचा एक कारखाना निघाला. शहरातली माणसं मोटारी घेऊन येत, घोट घोट पीत, छान छान म्हणत आणि निघून जात. गावाच्या वाट्याला उरत रिकाम्या बाटल्या आणि बुचं.

त्या गावात यमू नावाची नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिची आई वारली त्याला दीड वर्ष झालं होतं. वडील मालाच्या ट्रकवर. महिन्यातून चार दिवस घरी. पोरीकडे बघायला कुणीतरी हवं म्हणून त्यांनी दुसरं लग्न केलं. नवी आई लांबून, समुद्रकाठच्या कोळ्यांच्या गावातून आली होती. स्वभावानं गरीब, हातानं चपळ. तिला टेकडीवरच्या कारखान्यात पेले धुवायचं काम मिळालं.

गोष्टींमधल्या सावत्र आया मुलींना छळतात. इथं सगळं उलटंच होतं. आई जीव लावायची आणि मुलगी दार लावून घ्यायची. विचारलं तेवढंच बोलायची, तेही 'तुम्ही' म्हणून, पाहुण्या बाईशी बोलावं तसं.

दिवाळीला महिना राहिला तेव्हा नव्या आईनं विचारलं, "यमू, सणाला तुझ्यासाठी काय करू गं?"

यमू म्हणाली, "आई दाराला बुचाचं तोरण लावायची. तसं हवं."

आता, बुचाचं एक झाड असतं. चांगलं उंच वाढतं. दिवाळीच्या सुमारास त्याच्याखाली लांब देठांच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडतो. सुई नको, दोरा नको. देठात देठ गुंफला की झाली वेणी. यमूला ती फुलं म्हणायची होती. पण नव्या आईच्या माहेरी ते झाडच नव्हतं. तिथं बूच म्हणजे बाटलीचं, नाहीतर जाळं पाण्यावर तरंगावं म्हणून त्याला बांधतात ते. तिला वाटलं, वाइनच्या गावाची ही रीतच असणार! ती मनातून हरखली. दोरीत बुचं ओवायला तर ती चालायला लागली तेव्हापासून शिकली होती.

ती रोज कारखान्यातून पदरात बुचं बांधून आणू लागली. वाइनचा वास जावा म्हणून उकळायची, पत्र्यावर वाळवायची. काही हळदीत रंगवायची, काही कुंकवात. मग तापवलेल्या दाभणानं एकेकाला भोक पाडायची. यमू शाळेत गेली की हे सगळं चाले. पोरीला एकदम दाखवायचं होतं ना!

एक दिवस चकलीचा सोऱ्या शोधताना यमूच्या हाताला बुचांचा डबा लागला. ती बघतच राहिली. मग तिला सगळं कळलं आणि फस्सकन हसू आलं. तिनं धावत जाऊन शेजारच्या काकूंना सांगितलं.

काकू म्हणजे लोकांच्या फजितीवर जेवण झाल्यासारखी ढेकर देणारी बाई. त्या म्हणाल्या, "अगं, गप्प बस! मुळीच सांगू नकोस. दिवाळीला काय मजा येईल बघ."

यमू गप्प बसली. एक-दोनदा तिला वाटलंही, सांगून टाकावं. पण जीभ उचलली नाही.

एका संध्याकाळी नव्या आईनं आपणहून विचारलं, "यमू, तुझ्या आईच्या तोरणाला बुचं किती लागायची गं?"

सांगायची हीच वेळ होती. यमूनं खाली बघितलं आणि म्हणाली, "पुष्कळ. शंभर तरी."

"शंभर?" नवी आई दचकली. मग हसून म्हणाली, "होतील की! अजून आठ दिवस आहेत."

पहिल्या आंघोळीच्या सकाळी दारावर तोरण झळकलं. पिवळी, लाल बुचं, मध्येमध्ये जुन्या साडीच्या हिरव्या काठाची पानं, आणि प्रत्येक बुचाखाली कोळ्याची न सुटणारी गाठ. नवी आई यमूला म्हणाली, "बघ बरं, तुझ्या आईसारखं झालंय का?"

तेवढ्यात फराळाचं ताट घेऊन काकू आल्या, मागोमाग गल्लीतल्या चार बायका. काकू तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "अगं बाई! बुचाचं म्हणजे फुलांचं गं! हे तर दारूच्या बाटल्यांचं! दिवाळी आहे की गुत्ता?"

बायका खो खो हसल्या. नवी आई आधी त्यांच्याबरोबर हसली. मग तिला अर्थ कळला आणि तिचा चेहरा उतरला. तिनं स्टूल ओढलं आणि तोरण काढायला हात वर केला. तेव्हा यमूला तिचा अंगठा दिसला. दाभणानं भाजून त्यावर टरटरून फोड आला होता.

यमूला रडूच कोसळलं. तिनं धावत जाऊन स्टूल घट्ट धरलं.

"नका काढू! मला ठाऊक होतं. तुम्ही विचारलंत तेव्हासुद्धा ठाऊक होतं. मी मुद्दाम शंभर म्हटलं. तू भाजून घेतलंस आणि मी हसत होते!"

बायकांचं हसू विरलं. काकूंना घरी दूध उतू जात असल्याची एकाएकी आठवण झाली.

नवी आई स्टुलावरून उतरली. तिला वाईट वाटलं होतं आणि तिनं ते लपवलं नाही. "यमू, एका शब्दानं सांगायचंस गं," ती म्हणाली. मग तिनं यमूचे डोळे पुसले आणि विचारलं, "ते झाड कुठे आहे?"

तोरण दारावर तसंच ठेवून दोघी ओढ्याकाठी गेल्या. झाडाखाली पांढरा सडा पडला होता. नव्या आईनं एक फूल उचलून हुंगलं आणि डोळे मिटून घेतले. वेणी मात्र तिला जमेना. तिची बोटं जाळ्याच्या गाठी मारणारी, कोवळे देठ पटापट तुटत.

"असं नाही, हलक्या हातानं," यमू म्हणाली.

"मग तुझी आई कसं करायची, ते दाखव ना मला."

दीड वर्षात यमूला हे कुणीच विचारलं नव्हतं. आईचं नाव काढलं की लोक विषय बदलत. ती फुलांत फतकल मारून बसली आणि आई देठ कसा धरायची ते दाखवू लागली. मग आई गुंफताना काय गुणगुणायची, कशावरून रागवायची, चकलीत तिखट किती घालायची, सगळं सांगत सुटली. नवी आई ऐकत होती आणि तिच्या ओंजळीत एकेक फूल ठेवत होती. उन्हं डोक्यावर आली, फराळ तसाच राहिला, तरी यमूचं आईबद्दलचं बोलणं संपलं नव्हतं.

तात्पर्य: कुणाची चूक दिसली तर ती वेळेवर सांगावी, हसण्यासाठी राखून ठेवू नये, आणि त्या चुकीत माया दिसली, तर ती दारावर मिरवावी.